उतरलेले कपडे

आमच्या रोह्यात ‘उतरलेले कपडे’ हे शब्द हलक्या आवाजात बोलले जात. मोठ्या बहिणीचा झगा धाकटीने घालण्यात कुणाला कमीपणा नव्हता. परक्या घरचा कपडा अंगावर चढला की मात्र मान खाली जाई. आमचा एक फुलाफुलांचा झगा वर्गातल्या मुलीने ओळखला. तो तिचाच होता आणि तिने ते सर्वांना सांगितले. आखातातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून ईदला येणारे कपडेही असेच. कपडा सुंदर असे, पण उपकारही अंगावर येई.

आता मुंबईत शिकणारी आमची भाची जुने कपडे हौसेने विकत घेते. घेरदार झगे, फुग्याच्या बाह्या, क्रोशाची लेस. थोड्या पैशांत गावाकडचा थाट. तिची दादी विचारते, ‘कुणाच्या अंगावरचे गं हे?’ पण नमाजाला कपडा पाक लागतो, नवाच हवा असे कुठे आहे? धुतला की झाला.

निवड कशी करावी, हे आम्ही दारावर येणाऱ्या बोहारणीकडून शिकलो. ती साडी उजेडाकडे धरी. विरलेली जागा लगेच दिसे. काखेतली शिवण ताणून पाही, काठ उलटून पाही. मग भांड्यावरून घासाघीस. आम्ही भाचीला एवढेच जादा सांगितले: आत शिवणीला दाब सोडलेला असेल तोच झगा घे, म्हणजे उसवून सैल करता येतो.

बोहारणीने नेलेले कपडे धुऊन, सांधून पुन्हा बाजारात येतात. अगदीच फाटके ते चिंध्या होऊन यंत्रे पुसायला जातात. त्या बाजारात भाचीसारख्या हौशी मुली असतात, तसेच दुसरा इलाज नसलेले मजूरही. कपडा तोच, पण पैसे मोजून, निवडून घेतलेला कपडा कुणी वर्गात ओळखला तरी मान खाली जात नाही.

अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ने हे नेमके हेरले. गावकरी रस्ता, विहीर अशी गावाचीच कामे करतात आणि त्याबद्दल कपडे मिळवतात. भीक नाही, कमाई.

आपल्या घरून कपडे देताना निदान ते धुवावेत, तुटलेली बटणे लावावीत. आणि पुढे तो कपडा कुणाच्या अंगावर दिसला, तर ओळख दाखवू नये.