घर विकणे आहे

घर विकणे हे मुलीचे लग्न जमवण्यासारखेच आहे. मंडळी पाहायला येतात, पोहे खातात आणि 'कळवतो' म्हणून जातात!

विकणाऱ्याची पहिली चूक भावात होते. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या किमतीत तो आजोबांनी लावलेला पारिजातकही धरतो. गिऱ्हाइकाला ओल आलेली भिंत तेवढी दिसते. दुसरी चूक कागदांची. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे; मिळकतपत्रिकेवर पुष्कळदा वारलेल्या आजोबांचेच नाव असते. गिऱ्हाईक शोधण्याआधी वारसांची नोंद करून घ्यावी.

तिसरी चूक मात्र नात्याला भोवते. ती म्हणजे बहिणींची आठवण केवळ सहीपुरती ठेवणे. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्यासाठी वडील त्या वेळी हयात असावे लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

आमचा वाडा विकायला काढण्यापूर्वी मी नागपूरच्या ताईला विचारले. ती म्हणाली, "विक बाबा. माझा हिस्सा मी घेणार हं! पण आधी विचारलंस, म्हणून वाडा गेला तरी माहेर राहिलं."