खांद्याचं दुखणं आणि तारखेची नोंद

आज पिकाचं नाही, खांद्याचं लिहितोय. पण विषय नोंदीचा आहे, म्हणून इथेच.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. दीडेक वर्षापूर्वी तिथल्या औषध दुकानात तिनं फ्लूची लस घेतली. सुई दंडाच्या स्नायूत न जाता वर, सांध्यापाशी गेली. लशीनं दंड एक-दोन दिवस दुखतोच, पण हिचा हात त्याच रात्रीपासून उचलेना. आठ महिने फिजिओथेरपी झाली, तरी वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागते.

तिकडे या दुखण्याला 'सिरवा' म्हणतात. लशीच्या दुखापतीच्या भरपाईसाठी तिथं १९८६ चा कायदा आहे. फ्लूच्या दर डोसामागे ७५ सेंट कर जमा होतो, त्या निधीतून पैसे मिळतात. २०१७ पासून सिरवा सरकारी यादीत आहे. ४८ तासांत दुखणं सुरू झालं, लस दिलेल्या खांद्यापुरतंच राहिलं, हात नीट हलेना, खांद्याचा जुना आजार नाही आणि त्रास सहा महिन्यांवर टिकला, तर टोचणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा मात्र तीन वर्षांच्या आत करायचा.

बहिणीचा दावा अजून चालू आहे. वकिलानं पहिलं विचारलं, "दुखणं कधी सुरू झालं, ते कुठं लिहिलंय?" चौथ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली होती. त्या कागदावर 'लस घेतली त्या रात्रीपासून' असं आहे. त्या एका ओळीवर तिची सगळी भिस्त.

आपल्याला हे नवं नाही. गारपीट झाली की ७२ तासांत पीकविम्याला कळवावं लागायचं, नुकसान कितीही खरं असो.

आपल्याकडे ग्राहक आयोगात जायचं तर निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा, तोही दोन वर्षांच्या आत दावा लावून. सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा तर, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे, त्यात बसतच नाही.

म्हणून लस टाळू नका. खुरपं-विळा लागला तर डॉक्टर सांगतील तसं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. फक्त बसून घ्या. गळ्याकडून शर्ट ओढू नका, बाही काढून दंड पूर्ण उघडा करा. सुई खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून हवी. दोन दिवसांनीही हात वर जात नसेल तर दाखवा, आणि कधीपासून दुखतंय ते केसपेपरवर लिहून मागा. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.