पाळणे

मराठीत 'पाळणे' हे क्रियापद मोठे गुणी आहे. गाय पाळतात, तसा शब्दही पाळतात. पथ्य पाळतात, सुतकही पाळतात. पाळणाऱ्याने काहीतरी स्वतःवर ओढवून घ्यायचे, हा या सर्व अर्थांतला समान धागा. हे आम्हा भावंडांना १९९४ साली कळले असते, तर एका धूळनागिणीचे सतरा दिवस वाचले असते.

ती सापडली कडब्याच्या गंजीखाली. मान उचलून किंचित चपटी केलेली पाहताच गडीमाणसांनी 'नाग, नाग' म्हणून काठ्या उगारल्या. धूळनागीण बिनविषारी, पण या एका सवयीपायी ती नागाच्या वाटणीचे मरण मरते. आम्ही सापांवरची दोनचार पुस्तके वाचलेली होती. तिला उचलून पिशवीत घातले आणि जीव वाचवल्याच्या अभिमानात घरी आणले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या वेळीही लागू होता. आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

माशांची जुनी काचपेटी, तळाशी मुरूम, लपायला फुटके कौल, पाण्याची वाटी, वर जाळी आणि जाळीवर वीट. आमच्या मते संसार पूर्ण होता. अजगर किंवा घोणस एका जागी तासन्‌तास पडून राहते, म्हणून सारेच साप तसे, अशी आमची समजूत. धूळनागीण मात्र दिवसा हिंडणारी, मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य हेरून त्यामागे धावणारी. तिला काच दिसत नव्हती. काचेपलीकडचे सारे दिसत होते. सकाळी ऊन आले की ती नाक काचेला लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई, परत येई. उंदीर ठेवला, तो तिच्या अंगावरून फिरला. तिने ढुंकून पाहिले नाही. नवव्या दिवशी नाकाडावरचा खवला सोलून रक्त आले.

मग आम्ही काचेला बाहेरून वर्तमानपत्रे चिकटवली. उपाय लागू पडला: घासणे बरेच कमी झाले. त्या यशाची आज सर्वांत जास्त लाज वाटते. जखमेचे कारण तिचे कोंडलेपण होते आणि आम्ही बंद केले ते तिचे बाहेर पाहणे.

सतराव्या दिवशी तिला त्याच शेताच्या बांधावर सोडले. पिशवीचे तोंड उघडले आणि आम्ही नीट पाहण्याआधी ती गवतात दिसेनाशी झाली. जगली की नाही, सांगता येत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या सतरा दिवसांत आम्ही शेजारपाजारच्या कितीतरी मुलांना ती पेटी दाखवली. पण गंजीपाशी काठ्या उगारणाऱ्या त्या माणसांना, 'नागाची फणी अशी असते आणि हिची अशी', हे सांगायला एकदाही गेलो नाही. पावसाळ्यात निरोप आला, बांधावर नागाचे पिल्लू मारले. आम्ही पाहायला गेलो. मानेवर फणीची रुंदी नव्हती. अंगाच्या पुढच्या भागात, धूळनागिणीच्या पिल्लांना असतात तसे, फिकट आडवे पट्टे होते.

ते आम्ही तेव्हा तिथे सांगितले. ऐकणारे ऐकत होते.