पडायला चांगलं विमान

दुकानात सगळ्यात देखणं होतं ते स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची फोममधली प्रतिकृती, लंबगोल पंख, अंगावर हिरवे-तपकिरी पट्टे. अकरावीतल्या भाच्याची नजर तिथून हलेना. मी शेजारचं पांढरं, लांब पंखांचं, बेंगरूळ विमान उचललं. त्याला चाकं नव्हती आणि प्रोपेलर नाकावर असायचा तो पंखांच्या मागे, उंचावर बसवलेला.

"आत्या, हे लहान मुलांचं वाटतंय गं," तो कुरकुरला.

मी ठाम होते, कारण आमच्या शेजारचे निवृत्त वायुसैनिक बरीच वर्षं रिमोटवरची विमानं उडवतात आणि त्यांनी मला बजावलं होतं, "ताई, पहिलं विमान दिसायला नाही, पडायला चांगलं असावं." लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत वजनाच्या मानाने पंख लहान, म्हणून ते सतत वेगात ठेवावं लागतं. वेग उतरला की एक पंख अचानक टाकतं आणि गरगरत खाली येतं. नवशिक्याला विचार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा ते देतच नाही. आमच्या पांढऱ्या विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूला होते आणि टोकांकडे किंचित उचललेले. टोकापासून टोकापर्यंत लांबी 1.4 मीटर, वजन मात्र पाऊण किलोच्या आसपास. चॅनल तीनच: मोटरचा वेग, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर.

उडवायला बार्शीजवळचं भावाचं रान ठरलं. ड्रोन कुठे उडवता येतात हे दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर तो भाग हिरवा होता, म्हणजे 400 फुटांपर्यंत मोकळीक. पण नुकतीच ज्वारी निघालेली, धसकटं उभी होती. पोटावर उतरणाऱ्या फोमच्या विमानाची त्यांनी चाळण केली असती. म्हणून पलीकडचा गवताळ माळ धरला. वारा सुटायच्या आत, सकाळीच पोचलो. शेजारचे काकाही आले होते.

आधी तोल पाहिला. पंखांखाली खुणा असतात, तिथे दोन बोटांवर विमान पेलायचं. शेपूट खाली गेली, तेव्हा काकांनी बॅटरी नाकाकडे सरकवायला लावली. शेपूट जड असली तर विमान हातात राहत नाही. मग ट्रान्समीटर आधी चालू, बॅटरी नंतर जोडायची, उतरल्यावर उलट. विमान जागं असताना ट्रान्समीटर बंद असला तर मोटर कधी फिरेल याचा भरवसा नाही.

भाच्याने चार पावलं धावून, वाऱ्याच्या समोर, विमान सरळ फेकलं. ते चढत गेलं. मी वळवायला गेले आणि ते हवं त्यापेक्षा जास्त कललं. मी उलट दाबलं, तर ते दुसरीकडे कललं. माझी प्रत्येक दुरुस्ती पुढची चूक तयार करत होती.

"ताई, बोटं सोडा."

"पडेल हो!"

"सोडा तर."

मी स्टिक सोडली. विमानाने एक झोका घेतला, पंख आपोआप समतल केले आणि सरळ चालू लागलं. कलल्यावर विमान खालच्या पंखाकडे घसरू लागतं. मग उचललेल्या टोकांमुळे त्या पंखाला जास्त उचल मिळते. हे मी वाचलेलं होतं. डोक्यावरच्या आभाळात ते घडताना पाहिलं, तेव्हा हाताला पटलं. त्यानंतर मी स्टिकला हलके टोचे द्यायला शिकले: थोडं वळवायचं, सोडायचं, पाहायचं.

खरी फजिती विमान आपल्याकडे तोंड करून येताना होते, कारण त्याचं डावं आपलं उजवं होतं. काकांची युक्ती साधी: समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला ढकलायची, जणू खालून टेकू देतोय. त्या क्षणी डावं-उजवं मोजत बसायचं नाही.

भाच्याची पाळी आली. उतरताना विमान गवतापाशी लवकर येतंय असं वाटून त्याने एलिव्हेटर जोरात ओढला. वेग आधीच मेलेला. विमान क्षणभर थबकलं आणि नाकावर आपटलं. तो धावत गेला, तोंड उतरलेलं. नाक दबलं होतं आणि एक पंख मुळापाशी चिरला होता. प्रोपेलर मागे असल्यामुळे शाबूत. ग्लू गनने पंख चिकटवला, वरून टेप लावली, तोल पुन्हा पाहिला आणि ऊन चढायच्या आत विमान परत हवेत होतं. त्या वेळी भाच्याने काकांकडे पाहून नुसती मान डोलावली.

आता त्याला चौथा चॅनल हवाय, म्हणजे पंखांवर विमान कलवणारे एलेरॉन असलेलं विमान. मलाही हवंय, वाऱ्यात रडर अपुरा पडतो, हे आता मला कळतं. एलेरॉन घेऊ. पण पंख अजून काही दिवस धडाच्या वरच हवेत, आणि टेपचं रीळ बॅगेत.