दारावरचा आकडा

5 एप्रिल 2025, शनिवार. ऑरोरा, कोलोराडो

ट्रेलर दारात येऊन उभा राहिला आणि ओढायला गाडीच नाही. असा उलटा कारभार आमच्याच घरी व्हायचा. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक जोडपं गाव सोडून निघालं, त्यांनी चोवीस फुटी कॅम्पर स्वस्तात देऊ केला आणि आम्ही तो घेऊन मोकळे झालो. आमची एसयूव्ही 5,000 पौंडांपर्यंत ओढते. कॅम्परचं नुसतं कोरं वजन 5,380. म्हणजे पिकअप घेणं आलं, तेही मेअखेरीस आई-बाबा येण्याच्या आत. आणि कॉलनीच्या कमिटीचं पत्र येण्याच्या आत ट्रेलर भाड्याच्या जागेत हलवायचा आहे, ते वेगळंच.

9 एप्रिल, बुधवार

नवऱ्याची निवड तयार. फोर्ड एफ-150, तीन वर्षं वापरलेली, प्लॅटिनम, हायब्रिड. पाठीला मसाज देणाऱ्या सीटा, उन्हाळ्यात गार हवा सोडणाऱ्या, डोक्यावर लांबलचक काचेचं छत, दार उघडलं की आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या. मागच्या हौद्यातच विजेचे प्लग, म्हणजे वेगळा जनरेटर नको.

ही नुसती हौस आहे असं मी म्हणणार नाही. तो रोज बोल्डरला जातो-येतो आणि त्याची कंबर मला माहीत आहे. ट्रेलर जोडलेला असणार वर्षातले थोडे दिवस, बाकी सगळे दिवस गाडीत तोच बसणार. विक्रेत्याने तर निकालच दिला, "मॅडम, अकरा हजार पौंड आरामात ओढते. तुमचा ट्रेलर म्हणजे काहीच नाही."

12 एप्रिल, शनिवार

शेजारचे आजोबा घोड्यांचा ट्रेलर ओढण्यात म्हातारे झाले. त्यांना विचारलं तर म्हणाले, ओढायचा आकडा विसर, ड्रायव्हरचं दार उघड आणि खांबावरचं स्टिकर वाच.

आज विक्रेत्याकडे गेले आणि वाचलं. पिवळ्या पट्टीचं छोटं पांढरं स्टिकर असतं, टायरमधल्या हवेचे आकडे असतात त्यावरच. त्यात एक ओळ: माणसं आणि सामान मिळून या गाडीत इतक्या पौंडांवर वजन घालू नये. हा झाला पेलोड. माहितीपत्रकातला आकडा त्या जातीच्या सर्वांत हलक्या गाडीचा असतो, हा त्याच एका गाडीचा, कारखान्यात तिच्यावर चढवलेल्या सगळ्या चैनीचं वजन वजा करून छापलेला. प्लॅटिनमवर होता 1,345. त्याच आवारात एफ-150 चीच एक साधी आवृत्ती, एक्सएलटी, उभी होती, कापडी सीटांची, साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन आणि ओढण्याचं सगळ्यात मोठं पॅकेज असलेली. तिच्यावर 1,880.

काचेचं छत, त्याची चौकट, सीटांमधल्या मोटारी, पायऱ्यांच्या मोटारी, मोठी चाकं, हायब्रिडची बॅटरी. प्रत्येकाचं थोडंथोडं वजन, बेरीज पाचशेच्या वर. विक्रेता म्हणाला, हे स्टिकर कुणी बघत नाही. ते मात्र मला पटलं.

19 एप्रिल, शनिवार

ट्रेलर काट्यावर नेला. आजोबांनी त्यांचा डिझेल ट्रक लावला, मी शेजारी बसले. हायवेच्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो. जमिनीत तीन लोखंडी पाट, एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची चाकं येतील अशी गाडी लावायची, खिडकीतून हात काढून खांबावरचं बटण दाबायचं आणि आत जाऊन पावती घ्यायची. आमच्या आजूबाजूला अठरा चाकी गाड्या आणि मध्ये आमचा फुलाफुलांचे पडदे लावलेला कॅम्पर. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा काट्यावर.

ट्रेलरच्या चाकांवर 5,760 पौंड. ट्रकवर ट्रेलरमुळे वाढलेलं वजन 840. एकूण 6,600, म्हणजे जवळजवळ तीन टन. कोऱ्या वजनापेक्षा बाराशेवर जास्त, कारण गाद्या, भांडी, बॅटऱ्या, गॅसचे दोन सिलिंडर आणि भरलेली पाण्याची टाकी. चाळीस गॅलन पाणीच 334 पौंड भरतं.

त्यातला 840 हा आकडा महत्त्वाचा. ट्रेलर नुसता मागून येत नाही, त्याचं नाक ट्रकच्या पाठीवर टेकलेलं असतं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या, म्हणजे हिचच्या, गोळ्यावर हवा. कमी असला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ट्रकलाही हलवतो. म्हणजे तो कमी करून चालत नाही, आणि हा सगळा भार पेलोडमधून जातो.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर हिशेब मांडला. नाकाचा भार 840. वजन वाटून देणारा हिच 95. आम्ही दोघं, लेक आणि आई-बाबा मिळून 735. हौद्यातलं सामान, कूलर, जळण 150. बेरीज 1,820.

एक्सएलटीत जेमतेम बसतं. प्लॅटिनममध्ये 475 पौंड जास्त होतात. सामान घरी ठेवलं तरी जमत नाही, आई-बाबांना घरी ठेवावं लागेल. नवऱ्याने कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं.

23 एप्रिल, बुधवार

मग अकरा हजारांचा आकडा खोटा का? खोटा नाही. ओढण्याची क्षमता मोजायचं जे2807 नावाचं एक मानक आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने आकडे सांगायची. टोयोटाने हे मानक आधी घेतलं, अमेरिकी कंपन्या मागून आल्या. त्याची चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासून वर जाणाऱ्या रस्त्याची. साडेअकरा मैलांच्या आसपास चढण, शंभर अंश फॅरनहाइटवर ऊन, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. परीक्षा कडक आहे, पण तिच्यात ट्रकमध्ये माणसं दोन धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. मागची सीट रिकामी. आमच्या घरात दीडशे पौंडांची फक्त दोनच माणसं कुठे जातात?

इंजिनाची ताकद सहसा आधी संपत नाही. आधी संपते ती मागच्या स्प्रिंगांची, टायरांची, ॲक्सलची मर्यादा. नाकाच्या भाराने मागचा भाग बसला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग बधिर होतं. रिकाम्या गाडीत जी मऊ स्प्रिंग सुखाची वाटते, तीच लोड आल्यावर आधी दबते. सुखसोयी एका बाजूला आणि ओढण्याची ताकद दुसऱ्या बाजूला, अशी ही निवड नाहीच. दोन्हींचा खर्च त्या स्टिकरवरच्या एकाच खात्यातून होतो.

27 एप्रिल, रविवार

बाबांचा फोन. त्यांनी नोकरीभर एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं चिपळूण-कराड, कुंभार्ली घाटातून. त्यांना मी इंजिनाची माहिती द्यायला लागले: 400 हॉर्सपॉवर, दोन टर्बो.

"ओढण्याचं सोड गं. उतारावर धरते का?"

धरते, म्हटलं. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक आहेत, त्यांचा कंट्रोलर डॅशबोर्डवर आहे, आणि टो-हॉलचं बटण दाबलं की गिअरबॉक्स उतारावर खालचा गिअर धरून ठेवतो.

"मग घे. सीटचं काय ते जावईबापूंना विचार."

टर्बो कशासाठी हवा, ते त्यांना सांगायचं राहिलं. आम्हाला जायचंय आय-70 वरून आयझेनहॉवर बोगद्यातून, 11,158 फुटांवर. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं परत मिळतं. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा उतार असा, की ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत.

3 मे, शनिवार

घरात दोन दिवस शीतयुद्ध. नवऱ्याचं म्हणणं, मग थेट एफ-250 घेऊ, पेलोडची कटकटच मिटेल. शेजारचे आजोबाही त्याच पक्षाचे. पण ती गाडी रिकामी असताना उसळते, ऑफिसच्या पार्किंगच्या तळघरात मावायची मारामार, आणि किंमत ऐकून मी फोन ठेवला. ज्यांचा ट्रेलर दहा हजार पौंडांचा त्यांनी घ्यावी.

मग एकेक सोय घेऊन बसलो. ट्रेलर मागे घेताना तो हवा तिकडे वळावा म्हणून एक गोल बटण असतं, कॅमेरे असतात, ट्रेलरची लांबी धरून बाजूची गाडी दाखवणारा इशारा असतो, लांब बाहेर येणारे आरसे असतात. माहितीपत्रक यांतलं निम्मं चैनीच्या पानावर टाकतं. माझ्या मते हे सगळं कामाचं, वजनाला नगण्य, घ्यावंच. 36 गॅलनची टाकी वजन खाते, तरी हवी. ट्रेलर ओढताना गॅलनला नऊ-दहा मैल पडतात आणि एवढं धूड घेऊन पेट्रोल पंपात शिरणं जितक्या कमी वेळा होईल तितकं बरं. मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर 3.31 नको, 3.55 हवं. काचेच्या छतावर फुली. मसाजवर नवऱ्याने स्वतःच फुली मारली, पेन जरा जोरात दाबून.

पायऱ्यांपाशी मी अडले. आईचे गुडघे आणि जमिनीपासून एवढं उंच दार. मोटारीच्या नकोत, साध्या पक्क्या लावून घेऊ. त्यांचं वजन पन्नास-साठ पौंड, म्हणजे उरलेली सगळी शिल्लक तिथेच संपली. त्यावर नवऱ्याने तोड काढली: जळण इथून न्यायचं नाही, मुक्कामी विकत घ्यायचं. कीड पसरू नये म्हणून कोलोराडोत तसंही तेच सांगतात. आणि पाण्याची टाकी रिकामी न्यायची, पार्कात भरायची.

10 मे, शनिवार

एक्सएलटी घेतली, 2022 ची. हप्ता प्लॅटिनमपेक्षा बराच कमी. नवऱ्यासाठी कंबरेला आधार देणारी चांगली उशी, तिचं वजन मी विचारलं नाही.

15 जून, रविवार. रायफल गॅप स्टेट पार्क

पोचलो. बोगद्याच्या चढावर उजव्या लेनमधून, ताशी 45 मैलांनी, मोठ्या ट्रकांच्या रांगेत. सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर गाडीने गिअर धरला आणि ब्रेकला अधूनमधूनच पाय लावावा लागला. बाबा पुढच्या सीटवर, उजवा पाय सारखा न असलेल्या ब्रेकवर. आई मागे पायरीवरून आपली आपण चढली-उतरली.

निघताना सगळ्यांसकट पुन्हा काटा केला होता. ट्रकवरचं वजन मर्यादेच्या आत, फरकाने नव्हे पण आत. आईने आणलेला लोणच्याचा डबा धरून.

गॅलनला नऊ मैल पडले. सीट कडक आहे, ग्लेनवुड कॅन्यनच्या पुढे सगळ्यांनाच जाणवलं, आणि नवरा दर थांब्याला उतरून कंबर ताणत होता. ट्रेलर विकू त्या दिवशी त्याने खुशाल मसाजवाली गाडी घ्यावी, मी सोबत जाईन. ट्रेलर आहे तोवर हीच.