लेहरा धरणाऱ्याची बाजू

गेली चार वर्षं मी पेटीवर लेहरा धरते आहे. तीनतालाच्या 16 मात्रांत बसणारा सुरांचा एकच तुकडा, पुन्हापुन्हा, कधीकधी तासभर. तबलजी कायदे रंगवतो, तिहाई घेऊन समेवर येतो. मी आपली आहे तिथंच! मैत्रिणी विचारतात, "तुला कंटाळा कसा गं येत नाही?" आता तर मोबाईलवरही लेहरा मिळतो, आणि तो चुकत नाही, दमत नाही. मग पेटीवाली हवीच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार भेटला. मिनिमलिझम म्हणजे मोजके सूर घेऊन ते घोळवत, अगदी सावकाश बदलत जाणारं संगीत. जाझ म्हणजे वादकाला त्या क्षणी जे सुचेल त्याचा उत्सव. एकाला घर सोडवत नाही, दुसऱ्याचा पाय घरात ठरत नाही. यांचं जमायचं कसं?

पण जाझलाही धावपळीचा शीण आलेलाच होता. कॉर्ड भराभर बदलत पळणाऱ्या त्या संगीतात 1959 साली माइल्स डेव्हिसनं 'सो व्हॉट' आणलं. 16 बार एकच स्वरमेळ, मग 8 बार तोच अर्ध्या स्वरानं वर, पुन्हा 8 बार मूळ जागी. बस्स, एवढंच. 1961 मध्ये जॉन कोल्ट्रेननं 'आफ्रिका' ही सुमारे 16 मिनिटांची रचना जवळजवळ एका षड्जावर उभी केली. स्टीव्ह राइशसारख्या मिनिमलिस्टानं तिचं ऋण मोकळेपणानं मानलं आहे.

1963 साली पॅरिसमध्ये चेट बेकर आणि त्याचे साथीदार हेच 'सो व्हॉट' वाजवत होते. रायलीनं ते ध्वनिमुद्रित केलं. मग एकच फीत दोन टेपरेकॉर्डरांतून ओवली. एकानं मुद्रण करायचं, दुसऱ्यानं तेच जरा वेळानं ऐकवायचं, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडं जायचा. ट्रम्पेटची एक लकेर स्वतःवरच साचत गेली. म्हणजे यंत्राचा लेहरा रायलीनं तेव्हाच करून पाहिला होता.

आणि पुढच्याच वर्षी त्यानं काय करावं? तेच काम माणसांच्या हाती दिलं! 1964 च्या 'इन सी'मध्ये 53 छोटे तुकडे आहेत. प्रत्येक वादकानं एकेक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवावा आणि वाटेल तेव्हा पुढं जावं; मात्र इतरांपासून दोन-तीन तुकड्यांहून फार लांब पडू नये. म्हणजे कान सतत दुसऱ्याकडं हवा. जाझचं स्वातंत्र्य आणि पुनरावृत्तीची शिस्त इथं एका पंगतीला बसली. 1970 पासून रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, याचं म्हणूनच नवल वाटत नाही. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ आपल्या मिरजेत राहिले. एकेका सुराशी रेंगाळणं ही तर त्या घराण्याची खूणच.

माझा लेहरा म्हणजे 'इन सी' नव्हे. पुढच्या तुकड्यावर जायची मुभा मला नाही. पण तबलजीची लय किंचित चढू पाहते, एखादा लांब चक्रदार समेच्या अलीकडं डळमळतो, तेव्हा माझे सूर त्याला जागा दाखवतात. त्याच्या श्वासाबरोबर माझा भाता हलतो. मोबाईल बिनचूक वाजतो, पण त्याला समोरचा ऐकू येत नाही. मला ऐकू येतो. आणि म्हणूनच दरवेळी तोच तुकडा वाजवताना मला तो तोच वाटत नाही.