वयाचा गुण

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली असेल, त्याने एका गोष्टीचा बंदोबस्त मोठा चोख करून ठेवला आहे. तो असा की, ती खोटी ठरविण्यास कोणी जिवंत मनुष्य पुढे येऊच शकू नये. दहा वर्षे दारूला न शिवलेला गृहस्थ साक्षीस उभा राहिला, तर ती त्याला इतकेच सांगते की, बाबा रे, तू अजून मेलेला नाहीस. आणि तो मेल्यावर त्याची जबानी घेणार कोण? मुद्दल मनुष्यच निकालात निघाल्यावाचून प्रकरण दप्तरी दाखल न करणाऱ्या हट्टी कारकुनासारखी ही म्हण आहे. तिच्या सत्यासत्यतेपेक्षा मला तिच्या स्वराचे कुतूहल अधिक वाटते. आईच्या तोंडी ती हताश होऊन येते, शेजाऱ्याच्या तोंडी काहीशा समाधानाने येते, आणि खुद्द पिणाराच जेव्हा ती उच्चारतो, तेव्हा ती त्याला माफीच्या सनदेसारखी उपयोगी पडते.

आश्चर्य हे की, ज्या घरांत ही म्हण नांदते त्याच घरांत, बहुधा त्याच वडीलधाऱ्या मुखांतून, तिच्या अगदी विरुद्ध असा एक दिलासाही ऐकू येतो : वय झाले की आपोआप सुटेल; लग्न करून द्या, जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल. या दोन वचनांचा आपसांत कधी तंटा झालेला मी पाहिला नाही. स्थळ ठरेपर्यंत दुसरे चालते, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत पहिले सुरू होते.

या दुसऱ्या वचनाला शास्त्राचाही काही आधार आहे. 1962 साली चार्ल्स विनिक नावाच्या अमेरिकन संशोधकाने असे मांडले की, अफू-हेरॉइनच्या आहारी गेलेली पुष्कळ माणसे तिशी उलटता उलटता त्या व्यसनातून परिपक्व होऊन बाहेर पडतात. तारुण्यातील ज्या ओढाताणीमुळे ती नशेकडे वळली, ती ओढाताण वयाबरोबर निवते, असा त्याचा तर्क. परंतु त्याचा मुख्य पुरावा होता सरकारी दप्तराचा : 1955 मध्ये नोंदलेली आणि पुढील पाच वर्षांत पुन्हा नोंदवहीत न आलेली 7,234 नावे. आता, सरकारी वहीतून माणूस नाहीसा होण्याचे मार्ग काय थोडे आहेत? तो सुधारला असेल, गाव सोडून गेला असेल, पोलिसांना चुकवण्यात तरबेज झाला असेल, किंवा मेलाही असेल. आपल्याकडेही अबकारी खात्याच्या वहीत अफूबाजांची नावे असत. औषधाखेरीज अफू खाण्यास 1959 पासून मनाई झाल्यावर वैद्यकीय दाखला असलेल्या नोंदणीकृत माणसालाच ती परवान्यावर मिळे. अशा वहीत एखाद्या नावावर लाल रेघ ओढली गेली, तर ती मुक्तीची की मरणाची, हे शाईवरून कसे ओळखावे? म्हण मरेपर्यंत कोणाला सोडत नाही, आणि वही दिसेनासा झालेल्या प्रत्येकाला सुटला म्हणते.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नसते त्यांचे काय? आमची एक चुलत आजी मिश्री लावीत असे. पहाटे, घर उठण्यापूर्वी, ती चुलीपाशी बसून तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजी. त्या तंबाखूचा घशाला झोंबणारा धूर माजघरात पसरे, आणि मग ती भुकटी चिमटीत घेऊन, उंबऱ्याला टेकून, दातांवरून बोट फिरवीत ती बराच वेळ नुसती बसून राही. दिवसभरात तिला स्वतःचा असा तेवढाच वेळ मिळत असावा. आजोबांच्या चंचीला सारे घर व्यसन म्हणे. आजीच्या मिश्रीला कोणी तसे म्हटल्याचे मला आठवत नाही, ते दात घासणेच समजले जाई. दात पडले तरी हिरड्यांना मिश्री लागतच राहिली. पुढे मुलाकडे पुण्यास आल्यावर, धुराने सुनेला ठसका लागतो म्हणून तवा बंद झाला, आणि आजीची सवय सुटली असे सर्वांनी गृहीत धरले. खरोखर सुटली काय? मोलकरणीशी तिचे फार जमे, आणि मोलकरीण स्वतः मिश्री लावणारी होती, एवढेच मी सांगू शकतो. सुटली असेल, तर ती वयाने सुटली, सुनेने सोडविली, की चूल जाऊन गॅसची शेगडी आली म्हणून सुटली, हे कळण्यास आता काही मार्ग उरलेला नाही.

चुलीची ही शंका अगदीच पोरकट नसावी. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकी सुमारे पाचांत एक जण तेथे हेरॉइनच्या किंवा अफूच्या अधीन झाला होता. 1971 मध्ये परतलेल्यांचा मागोवा ली रॉबिन्स या विदुषीने घेतला, तेव्हा मायदेशी पहिल्या वर्षात त्या अधीनांपैकी शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा अधीन झालेले आढळले. या पोरांचे वय काही एका वर्षात फारसे वाढले नव्हते. फक्त मुलूख बदलला होता, सोबत बदलली होती, मरणाचे भय मागे राहिले होते. मग वयाला आपण जे श्रेय देतो, ते वस्तुतः पांगलेल्या मित्रमंडळाचे, रोडावलेल्या मिळकतीचे किंवा दुखऱ्या यकृताचे तर नसेल?

इतके लिहून मी वयाच्या विरुद्ध निकाल देणार, तोच ज्यांनी दारू सोडली तीच माणसे आडवी येतात. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता आपल्याकडेही मराठीतून सभा भरविणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीत वीस वर्षे थेंबही न घेतलेला मनुष्य स्वतःची ओळख मद्यपी अशीच करून देतो, आणि हिशेब ठेवतो तो केवळ आजच्या दिवसाचा. म्हणजे, ज्याच्या उदाहरणाने ती म्हण खोडून काढावी, तोच तिच्या बाजूने उभा! की तो तिच्या बाजूने उभा राहतो म्हणूनच त्याला ती खोटी पाडता येते? आणि जो कोणत्याही सभेस न जाता, गाजावाजा न करता चाळिशीत केव्हातरी थांबला, त्याला विचारावे, तर कधी थांबलो हेच त्याला नेमके आठवत नाही. वयाने व्यसन सुटते काय, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मला ठाऊक आहे असे प्रारंभी वाटत होते. आता तेवढेही वाटत नाही.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आला, तेव्हापासून आपण त्यातल्या दारूपायी बुडालेल्या सुधाकरासाठी हळहळत आलो आहोत. वय त्याला मिळाले असते तर तो सुटता की नाही, हे नाटक सांगत नाही, आणि मलाही सांगता येत नाही. पण तेवढे थांबण्याइतके आयुष्य त्याच्या बायकोजवळ, सिंधूजवळ, नव्हते, हे मात्र त्यात स्पष्ट आहे. म्हणून वयाचा गुण येवो अथवा न येवो, घरातील थोरांना माझी विनंती एवढीच की, 'लग्न झाले की सुधारेल' या भरवशावर कोणाची मुलगी मागण्यास त्यांनी जाऊ नये.